एकच द्वारपाल

मनुष्य खरा असणें आणि त्याचें खरेपण दुसऱ्यास पटणें या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हें आपल्या संस्कृत नाटककारांनीं फार पूर्वीं ओळखलें होतें. कालिदासाच्या शकुंतलेपाशीं सत्य होतें, पण तें सिद्ध करणारी अंगठी तीर्थाच्या पाण्यांत गळून पडली होती. म्हणून भर दरबारांत ती परकी ठरली. विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षस' नाटकांत याच्या नेमकें उलट घडतें. अमात्य राक्षसाची मुद्रा चाणक्याच्या हातीं लागते, तिचा ठसा उमटविलेलें कपटपत्र मलयकेतूच्या दृष्टीस पडतें, आणि जें राक्षसानें कधीं लिहिलेंच नाहीं त्याबद्दल तो विश्वासघातकी ठरतो. पहिल्या नाटकांत खरा मनुष्य खुणेवांचून नाकारला जातो. दुसऱ्यांत खोटी गोष्ट खुणेच्या बळावर खरी मानली जाते. ओळख पटविण्याच्या कोणत्याहि व्यवस्थेला हे दोनच धोके असतात, आणि ती व्यवस्था दगडी वेशीवर असो कीं संगणकाच्या पडद्यावर असो, त्यांतून तिची सुटका होत नाहीं.

आजच्या कोणत्याहि बऱ्यापैकीं कचेरींतील नोकराचा दिवस पाहावा. सकाळीं टपाल पाहण्यासाठीं एक दार, रजेच्या अर्जासाठीं दुसरें, सहकाऱ्यांशीं विचारविनिमय करण्यासाठीं तिसरें, हिशेबांसाठीं चौथें आणि गिऱ्हाइकांच्या तक्रारींसाठीं पांचवें. हीं सारीं दारें संगणकावरचीं, आणि बहुतेक निरनिराळ्या कंपन्यांनीं चालविलेलीं. प्रत्येक दारावरच्या पहारेकऱ्यानें निराळा परवलीचा शब्द, म्हणजे पासवर्ड, मागावयाचें ठरविलें, तर सामान्य मनुष्य दोहोंपैकीं एक मार्ग पत्करतो: एकच शब्द सर्वत्र वापरतो, किंवा सारे शब्द चिठोऱ्यावर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवितो. दोन्ही मार्गांनीं पहारा नांवापुरताच उरतो. यावर निघालेला उपाय म्हणजे सिंगल साइन-ऑन. आपण त्याला एकप्रवेश-पद्धति म्हणूं. दिवसांतून एकदां एकाच द्वारपालाला आपली ओळख पटवावयाची, आणि त्याच्या साक्षीवर बाकीचीं सारीं दारें उघडावयाचीं, हें तिचें सूत्र. तें ऐकावयास सोपें आहे. परंतु तेथपर्यंत पोंचण्यास माणसांना सुमारें चाळीस वर्षें लागलीं, आणि त्या वाटचालींत 'विश्वास कोणावर ठेवावयाचा?' या प्रश्नाचें उत्तर अनेकदां बदलावें लागलें.

या कथेचा आरंभ अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, या संस्थेंत होतो. १९६१ च्या नोव्हेंबर महिन्यांत फर्नांडो कोर्बातो आणि त्यांचे सहकारी यांनीं तेथें 'सीटीएसएस' नांवाच्या व्यवस्थेचें प्रात्यक्षिक करून दाखविलें. तोंपर्यंत एका मोठ्या संगणकावर एका वेळीं एकाचेंच काम चाले. या नव्या व्यवस्थेंत यंत्राचा वेळ बारीक तुकड्यांत वाटला जाई, आणि निरनिराळ्या टंकयंत्रांपुढें बसलेले अनेक लोक तें जणूं एकाच वेळीं वापरीत. यंत्र सामाईक झालें आणि खासगीपणाचा प्रश्न उत्पन्न झाला. प्रत्येकाच्या फाइली निराळ्या राखावयाच्या आणि प्रत्येकाला ठरलेलाच वेळ द्यावयाचा, तर समोर बसलेला मनुष्य कोण हें यंत्राला कळलें पाहिजे. यावर कोर्बातो यांनीं योजलेला उपाय म्हणजे परवलीचा शब्द. लष्करी छावणीच्या नाक्यावरची जुनी युक्ति अशा रीतीनें संगणकाच्या दाराशीं आली.

ही युक्ति फार दिवस अभेद्य राहिली नाहीं. सर्वांचे शब्द एकाच फाइलींत, जसेच्या तसे, साठविलेले असत. १९६२ मध्यें ॲलन शेर या संशोधकाला वांटणीस आलेला यंत्राचा वेळ अपुरा पडूं लागला, तेव्हां त्यानें ती फाइल छापण्याची आज्ञा एका पंचकार्डावर लिहून टाकली आणि छापलेली यादी निमूटपणें उचलून आणली. ही गोष्ट त्यानें कित्येक दशकांनंतर उघड केली. त्याच दशकांत पुढें याहून चमत्कारिक प्रकार घडला. दोन व्यवस्थापक एकाच वेळीं दोन निराळ्या फाइली दुरुस्त करीत होते: एक रोजच्या सूचनेची, दुसरी परवलीच्या शब्दांची. संपादनाची आज्ञावली दोघांनाहि एकाच नांवाची तात्पुरती फाइल देई, त्यामुळें मजकुरांची अदलाबदल झाली. आणि त्यानंतर यंत्रापाशीं जो जो आला, त्याच्या टंकयंत्रावर सूचनेऐवजीं सर्वांच्या शब्दांची यादी उमटूं लागली. १९९० सालच्या ट्युरिंग पारितोषिकानिमित्त दिलेल्या व्याख्यानांत कोर्बातो यांनीं स्वतःच हा प्रसंग मोकळेपणानें सांगितला. येथें दोष कोणा चोराचा नव्हता. सर्वांचें गुपित एका ठिकाणीं उघडें ठेवलें कीं तें केव्हां तरी बाहेर पडतें, एवढाच या दोन्ही गोष्टींचा अर्थ.

त्यावर केंब्रिज येथील रॉजर नीडहॅम यांनीं एक मार्मिक तोड काढली. पहारेकऱ्यानें मूळ शब्द जवळ ठेवूंच नये. त्याचें असें रूपांतर करून ठेवावें कीं ज्यावरून मूळ शब्द परत काढतां येणार नाहीं. मनुष्य शब्द सांगेल तेव्हां त्याचें तेंच रूपांतर करावें आणि दोन्ही जुळतात कीं नाहीं एवढें पाहावें. दळलेल्या पिठावरून दाणा परत घडवितां येत नाहीं, पण त्याच जात्यावर तोच दाणा दळला तर पीठ तेंच पडतें, तशांतला हा प्रकार. मागाहून युनिक्स या प्रसिद्ध व्यवस्थेनें हीच रीत स्वीकारली. परंतु १९७९ मध्यें युनिक्सच्याच रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनीं लोकांनीं निवडलेले ३,२८९ शब्द तपासून पाहिले, तेव्हां त्यांतील सुमारें ८६ टक्के शब्द अत्यंत आंखूड, किंवा शब्दकोशांत वा नांवांच्या यादींत सहज सांपडणारे निघाले. पंधरा जणांनीं तर एका अक्षरावरच भागविलें होतें! पहारा कितीहि शास्त्रशुद्ध असला, तरी किल्ली घडविणारा मनुष्य आळशी आणि विसराळू राहणारच, हें सत्य तेव्हां आंकड्यांनीं सिद्ध झालें.

आतांपर्यंतची गोष्ट एकाच यंत्राची होती. यंत्रें तारांनीं एकमेकांस जोडलीं जाऊं लागलीं, आणि प्रश्नाचें रूप पालटलें. १९८३ मध्यें एमआयटीनें डिजिटल इक्विपमेंट आणि आयबीएम या दोन कंपन्यांच्या साह्यानें 'प्रोजेक्ट अथेना' हा मोठा उपक्रम हातीं घेतला. विद्यार्थ्यानें विद्यालयाच्या आवारांतील कोणत्याहि संगणकापुढें बसावें आणि आपल्या फाइली, टपाल, छपाई हें सर्व तेथून मिळवावें, असा त्याचा हेतु होता. पण टपालाचें यंत्र निराळें, फाइलींचें निराळें, छपाईचें निराळें. प्रत्येक यंत्राकडे परवलीचा शब्द तारेवरून पाठवावयाचा, तर मध्यें कान लावून बसलेल्या कोणत्याहि चतुर विद्यार्थ्याला तो ऐकूं येणार. आणि अशा विद्यार्थ्यांची त्या संस्थेंत वाण नव्हती! म्हणजे अनेक दारें, सर्वांसाठीं खुले संगणक, आणि मधला रस्ता चोरांचा, अशी ती स्थिति होती.

या प्रश्नाची तात्त्विक उकल थोडी आधींच झालेली होती. १९७८ मध्यें नीडहॅम आणि मायकेल श्रोडर यांनीं एक निबंध प्रसिद्ध करून असें दाखविलें होतें कीं, एकमेकांस अनोळखी अशा दोन पक्षांचा ज्या एका तिसऱ्या पक्षावर विश्वास आहे, तो गुप्तलेखनाच्या साह्यानें त्या दोघांची गांठ घालून देऊं शकतो. १९८१ मध्यें डोरोथी डेनिंग आणि जिओव्हानी सॅको यांनीं त्यांतलें एक छिद्र दाखविलें: जुना संदेश चोरून ठेवून मागाहून पुन्हा पुढें केला, तर फसगत होऊं शकते. म्हणून संदेशावर वेळेची नोंद असावी, असें त्यांनीं सुचविलें. निमंत्रणपत्रिका खरी असली तरी ती गेल्या वर्षीच्या लग्नाची नाहीं ना, हेंहि पाहिलें पाहिजे, असा हा साधा व्यवहार होता.

या पायावर स्टीव्ह मिलर आणि क्लिफर्ड न्यूमन यांनीं अथेना उपक्रमासाठीं जी व्यवस्था उभारली, तिचें नांव 'कर्बेरॉस'. ग्रीक पुराणांत पाताळलोकाच्या दारावर जो तीन डोक्यांचा कुत्रा बसलेला असतो, त्याचें हें नांव. तिची रचना अशी. सकाळीं विद्यार्थी आपलें नांव सांगतो. द्वारपाल त्याला एक तिकीट देतो. 'तिकीट' हा त्या व्यवस्थेंतलाच शब्द आहे. तें ज्या कुलुपांत बंद करून पाठविलेलें असतें, त्याची किल्ली विद्यार्थ्याच्या परवलीच्या शब्दापासूनच बनते. विद्यार्थी आपल्या पुढच्या यंत्रांत शब्द टंकतो, यंत्र तेथल्या तेथें कुलूप उघडतें आणि शब्द विसरून जातें. शब्द तारेवरून एकदांहि जात नाहीं. जो खरा नाहीं त्याच्या हातीं तिकीट पडलें तरी तें बंद पेटीसारखें निरुपयोगी. पुढें टपाल हवें असेल तर हें सकाळचें तिकीट दाखवून टपालाचें तिकीट घ्यावयाचें, छपाई हवी असेल तर छपाईचें. परवलीचा शब्द पुन्हा विचारला जात नाहीं. प्रारंभीं या मुख्य तिकिटाची मुदत आठ तासांची होती, म्हणजे साधारणपणें कामाच्या एका दिवसाची. मुदत संपली कीं पुन्हा ओळख पटवावयाची. वेळेच्या नोंदीवर सारी मदार असल्यामुळें सर्व यंत्रांचीं घड्याळें कांहीं मिनिटांच्या आंत जुळलेलीं असावीं लागत. घड्याळ मागेंपुढें झालें कीं प्रामाणिक मनुष्यहि दाराबाहेर राही.

ही रचना इतकी गुंतागुंतीची कां करावी लागली, हें समजावून देण्यासाठीं १९८८ मध्यें बिल ब्रायंट यांनीं एक चार प्रवेशांचा संवाद लिहिला, आणि या विषयावरील वाङ्मयांत त्याला तोड नाहीं. त्यांत अथेना आणि युरिपिडीस अशीं दोन पात्रें आहेत. अथेना एक योजना मांडते. युरिपिडीस शांतपणें तिच्यांतली फट दाखवितो. ती चिडून निघून जाते आणि नवी योजना घेऊन परत येते. प्रत्येक प्रवेशांत एक एक भोंक बुजतें आणि एक एक अंग वाढतें. कोणत्याहि शास्त्रांतील सिद्धान्त एकदम डोक्यांतून निघत नाहीं, तो पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष यांच्या घर्षणांतून निघतो, हें आपल्या शास्त्रग्रंथांच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. तरी पण गणिताच्या सूत्रांत दडलेला विषय अशा नाट्यरूपानें सांगण्याची कल्पना अभिनंदनीय खरी.

कर्बेरॉसचा प्रसार होतांना दोन घटना अशा घडल्या कीं, त्यांची आठवण आजहि ठेवावी. पहिली राजकारणाची. त्या काळीं अमेरिकन कायद्यानें गुप्तलेखनाच्या साधनांची गणना युद्धसामग्रींत केली असल्यामुळें हीं साधनें परदेशीं पाठविण्यास मनाई होती. तेव्हां कर्बेरॉसमधला गुप्तलेखनाचा भाग काढून टाकून उरलेला सांगाडा 'बोन्स', म्हणजे हाडें, या नांवानें बाहेर दिला गेला. आणि ऑस्ट्रेलियांत एरिक यंग यांनीं त्या हाडांवर पुन्हा मांस चढविलें. दुसरी घटना अधिक बोधप्रद आहे. कर्बेरॉसच्या चौथ्या आवृत्तीची संपूर्ण आज्ञावली वर्षानुवर्षें सर्वांच्या डोळ्यांपुढें होती. इतक्या विद्वानांनीं ती पाहिली असेल, तेव्हां ती निर्दोष असणारच, असें जो तो धरून चालला. १९९७ मध्यें पर्ड्यू विद्यापीठांतील डोल, लोडिन आणि स्पॅफर्ड या संशोधकांनीं दाखवून दिलें कीं, तीमधल्या तात्पुरत्या किल्ल्या यदृच्छेनें निवडल्या जात आहेत असें वाटत असलें, तरी वस्तुतः सुमारें दहा लाख शक्यतांतच त्या अडकून पडलेल्या होत्या. संगणकाला इतक्या शक्यता चांचपडून पाहण्यास फारसा वेळ लागत नाहीं. त्यांनीं आपल्या निबंधास दिलेल्या मथळ्याचा आशय 'अस्थानीं ठेवलेला विश्वास' असा होता. प्रत्येकानें दुसऱ्यानें तपासलें असेल असें मानलें, आणि कोणीच तपासलें नाहीं. सार्वजनिक संस्थांचे हिशेब ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांना या रोगाची ओळख आहे.

पुढें २००० सालीं मायक्रोसॉफ्टनें आपल्या 'विंडोज २०००' मध्यें कर्बेरॉसची पांचवी आवृत्ति स्वीकारली, आणि विद्यालयाच्या आवारांत जन्मलेली ही व्यवस्था जगभरच्या कचेऱ्यांत जाऊन बसली. कित्येक लक्ष नोकर रोज सकाळीं एकदां शब्द टंकून दिवसभर निर्वेधपणें काम करूं लागले. आपल्या मागें ग्रीक पुराणांतला कुत्रा राखण करीत आहे, याची त्यांना वार्ताहि नव्हती.

परंतु तोंच कचेरीच्या भिंती नाहींशा होऊं लागल्या. टपाल, हिशेब, गिऱ्हाइकांच्या नोंदी हें सारें आपल्या इमारतींतल्या यंत्रावर नसून दूरच्या दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर राहूं लागलें. कर्बेरॉसचा द्वारपाल एका घरचा. शेजारच्या घराला त्याची साक्ष कां मान्य व्हावी? येथें दोन मतें निघालीं. एक मत असें कीं, सगळ्या जगासाठीं एकच द्वारपाल असावा. १९९९ मध्यें मायक्रोसॉफ्टनें 'पासपोर्ट' नांवानें ही सेवा सुरू केली. पण सर्व व्यापाऱ्यांच्या गिऱ्हाइकांची ओळख एका व्यापाऱ्याच्या हातीं द्यावयाची, हें इतरांस रुचणें शक्य नव्हतें. सन मायक्रोसिस्टिम्सच्या पुढाकारानें २००१ मध्यें अनेक कंपन्यांनीं 'लिबर्टी अलायन्स' हा प्रतिसंघ काढला. २००२ मध्यें पासपोर्टच्या सुरक्षिततेविषयीं केलेल्या दाव्यांबद्दल अमेरिकेच्या व्यापार आयोगाशीं मायक्रोसॉफ्टला तडजोड करावी लागली. आणि जगाचा एकमेव द्वारपाल होण्याचें तें स्वप्न विरलें. दुसरें मत असें कीं, द्वारपाल प्रत्येक घराचा आपापला असावा, मात्र त्याच्या साक्षपत्राची भाषा आणि मुद्रा यांविषयीं सर्वांनीं एक नियम मानावा. हें मत टिकलें. 'सॅमल' या नांवाची ती नियमावली ओॲसिस या संस्थेनें नोव्हेंबर २००२ मध्यें प्रथम मान्य केली, आणि मार्च २००५ मध्यें मान्य झालेली तिची दुसरी आवृत्ति आजहि असंख्य कचेऱ्यांत चालू आहे. २०१४ मध्यें निघालेली 'ओपनआयडी कनेक्ट' ही तिची धाकटी बहीण. घडण निराळी, पण सूत्र तेंच.

एखादी कचेरी आपल्या कामाच्या सॉफ्टवेअरला ही पद्धति जोडते तेव्हां प्रत्यक्षांत काय घडतें, हें पाहण्यासारखें आहे. दोन पक्ष असतात: ओळखदाता, म्हणजे कचेरीचा द्वारपाल, आणि सेवादाता, म्हणजे तें सॉफ्टवेअर चालविणारी कंपनी. प्रथम दोघे एकमेकांस आपलें ठरीव नांव आणि साक्षपत्र कोठें पोंचवावयाचें तो पत्ता कळवितात. ओळखदाता आपल्या मुद्रेची उघड बाजू सेवादात्यास देतो. तिच्यावरून ठसा खरा कीं खोटा हें पारखतां येतें, पण ठसा उमटवितां येत नाहीं. उमटविणारी गुप्त किल्ली द्वारपालापाशींच राहते. पुढें नोकर त्या सॉफ्टवेअरच्या दाराशीं आला कीं सेवादाता त्याला द्वारपालाकडे पाठवितो; द्वारपाल त्याची ओळख पटवून घेतो आणि मुद्रांकित पत्र देऊन परत धाडतो. त्या पत्रांत तें कोणी दिलें, कोणाविषयीं दिलें, कोणासाठीं दिलें आणि किती मिनिटांपुरतें दिलें, हें सर्व लिहिलेलें असतें. सेवादात्यानें यांतली एक एक गोष्ट तपासावयाची असते. दुसऱ्या घरासाठीं दिलेलें पत्र आपल्या दारावर चालवून घेणें हा जितका मूर्खपणा, तितकाच मुदत संपलेलें पत्र चालवून घेणें हाहि.

वरवर हें काम लिपिकाचें वाटतें. तीन-चार रकाने भरले कीं झालें. पण त्या रकान्यांत माणसें असतात. पत्रांत मनुष्याची खूण म्हणून त्याचा टपालाचा पत्ता लिहिण्याची प्रथा फार आहे. आतां समजा, एखाद्या स्त्रीनें विवाहानंतर नांव बदललें आणि कचेरीनें तिला नवा पत्ता दिला. दुसऱ्या दिवशीं तिच्या दहा वर्षांच्या कामाच्या दारावर ती अनोळखी ठरते: अंगठी हरवलेली शकुंतलाच ती! याच्या उलट, नोकरी सोडून गेलेल्या मनुष्याचा पत्ता त्याच नांवाच्या नव्या मनुष्यास दिला, तर आधींच्याचें सारें दप्तर त्याच्यापुढें उघडें होतें. म्हणून जाणते लोक पत्त्याऐवजीं कधीं न बदलणारा आणि पुन्हा कोणास न दिला जाणारा क्रमांक योजतात. मुद्रेच्या प्रमाणपत्रालाहि मुदत असते. ती संपल्याचें कोणाच्या ध्यानांत राहिलें नाहीं, तर एखाद्या सकाळीं सबंध कचेरी दाराबाहेर उभी राहते. यासाठींच व्यवस्थापकाचें एखाददुसरें खातें द्वारपालाच्या कक्षेबाहेर, निराळ्या आणि कडक पहाऱ्यांत, राखून ठेवावें लागतें. वाड्याला दिंडी ठेवण्याची आपल्या पूर्वजांची दूरदृष्टि येथेंहि कामास येते.

या पद्धतीनें झालेलें हित थोडें नाहीं. नोकराला एकच शब्द संभाळावयाचा असल्यामुळें तो बळकट असूं शकतो, आणि त्याच्या जोडीला दुसरी खूण मागावयाची तर तीहि एकाच ठिकाणीं मागतां येते. सेवादात्याकडे परवलीचा शब्द जातच नाहीं, त्यामुळें त्याच्या घरीं चोरी झाली तरी तो चोरीस जात नाहीं. कोणी नोकरी सोडली कीं एका ठिकाणीं नांव खोडून पुढचे सारे प्रवेश बंद होतात. मात्र आंत शिरलेला मनुष्य मुदत संपेपर्यंत आंतच राहूं शकतो, आणि त्याचें खातेंहि तेथें तसेंच पडून राहतें. तीं खातीं आपोआप उघडण्या-मिटण्यासाठीं 'स्किम' नांवाची निराळी नियमावली २०१५ मध्यें सिद्ध करावी लागली. खेदाची गोष्ट एवढीच कीं, कित्येक सॉफ्टवेअर-कंपन्या ही सोय आपल्या महागड्या दरांच्या वर्गांतच ठेवतात. चार-सहा माणसांच्या छोट्या संस्थेला, एखाद्या शाळेला वा धर्मादाय मंडळाला, ती परवडत नाहीं. कुलूप चांगलें हवें तर वाडाच मोठा घ्या, असें म्हणण्यासारखें हें आहे.

आणि धोका? तो नाहींसा झाला नाहीं. तो एका ठिकाणीं गोळा झाला. २०१२ मध्यें जर्मन संशोधकांनीं सॅमलच्या चौदा प्रचलित व्यवस्था तपासल्या, तेव्हां अकरांत असें आढळलें कीं, खरा ठसा तसाच राखून पत्रांतला मजकूर बदलतां येतो, आणि पहारेकरी ठसा एका मजकुराचा तपासतो व मानतो मात्र दुसराच. २०२० च्या डिसेंबरांत उघडकीस आलेल्या सोलरविंड्स प्रकरणांत हल्लेखोरांनीं कांहीं ठिकाणीं द्वारपालाची गुप्त किल्लीच हस्तगत करून हव्या त्या मनुष्याच्या नांवें साक्षपत्रें बनविलीं. २०२३ मध्यें मायक्रोसॉफ्टची २०१६ सालीं घडविलेली एक मुद्रा परक्यांच्या हातीं लागली, आणि तिच्या बळावर अमेरिकेच्या परराष्ट्रखात्यासह वीसांहून अधिक संस्थांचें टपाल वाचलें गेलें. चाणक्याच्या हातीं पडलेल्या राक्षसाच्या अंगठीची ही अगदीं तंतोतंत पुनरावृत्ति होय: पत्र खोटें, ठसा खरा. दुसऱ्या बाजूनें, १४ डिसेंबर २०२० रोजीं गूगलची ओळख पटविणारी यंत्रणा सुमारें पाऊण तास बंद पडली, तेव्हां टपाल, दप्तर, वर्ग सारेंच जगभर थांबलें. मौज अशी कीं, यूट्यूब ज्यांनीं ओळख न सांगतां उघडलें, त्यांस तें दिसत होतें. ओळख सांगणारेच बाहेर राहिले! म्हणजे नाटकांतले दोन्ही प्रवेश आपल्या काळांतहि एकामागून एक होत आहेत.

हा प्रश्न आतां केवळ कचेरीचा राहिलेला नाहीं. आपल्या देशांत जुलै २०२२ मध्यें 'मेरी पहचान' ही राष्ट्रीय एकप्रवेश-व्यवस्था सुरू झाली. एका ओळखीवर सरकारच्या अनेक सेवांचीं दारें उघडावीं, असा तिचा उद्देश आहे. दहा कचेऱ्यांत दहा वेळां तेच कागद दाखवून थकलेल्या नागरिकाला तो उद्देश पटल्यावांचून राहणार नाहीं. परंतु कचेरींतील नोकराला दार बंद झालें तर तो जवळच्या व्यवस्थापकाकडे जाऊं शकतो, आणि अगदींच न जमलें तर नोकरी बदलूं शकतो. नागरिकाला दुसरें सरकार नसतें. म्हणून तेथें द्वारपाल जितका मोठा, तितकी त्याच्याकडून चुकून बाहेर राहिलेल्या मनुष्याची दाद घेण्याची सोय अधिक जवळची आणि अधिक सुलभ असली पाहिजे.

सहा दशकांच्या या इतिहासाकडे पाहतां एक गोष्ट स्पष्ट दिसते. प्रत्येक पायरीवर माणसानें विश्वास नाहींसा केला नाहीं, त्याची जागा बदलली. आधीं तो माणसाच्या स्मरणशक्तीवर होता. मग शब्दांच्या फाइलीवर आला. नंतर तारेवर, तिकिटावर, घड्याळावर, आणि शेवटीं एका गुप्त किल्लीवर. प्रत्येक वेळीं जागा बदलल्यानें कांहीं तरी खरोखरच सुधारलें, हें नाकारण्याचें कारण नाहीं; अनेक दुर्बळ पहाऱ्यांपेक्षां एक सावध पहारा केव्हांहि बरा. परंतु ग्रीक पुराणांतला तो तीन डोक्यांचा कुत्राहि ऑर्फियसच्या वीणेनें निजला होता. म्हणून ज्यानें एकच द्वारपाल नेमला त्यानें तीन गोष्टी आपणांस विचाराव्या: त्याची मुद्रा कोठें असते आणि ती शेवटची केव्हां बदलली, तो झोंपला तर घरांत शिरावयास दुसरी दिंडी आहे काय, आणि खरा मनुष्य खुणेवांचून दाराशीं आला, तर त्याचें ऐकून घेणारें कोणी तेथें आहे काय. पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें यंत्रज्ञ देतील. तिसऱ्याचें उत्तर मात्र घरच्या मालकालाच द्यावें लागेल.